एक चालू, एक जागी

२ सप्टेंबर, मंगळवार

आज परत तेच झालं! जिन्यातनं रेणूची हाक आली — "आई, इंटरनेट काढलंस का तू?" काढलं होतं. मला काय ठाऊक ते काळं डबडं इंटरनेटचं आहे म्हणून? टेबलाखाली एकटंच लुकलुकत बसलेलं. कुणी बघत नाही, कुणी हात लावत नाही, मग कशाला जळत ठेवायचं? उपटलं आपलं.

ह्या अमेरिकेत सगळं आहे पण भिंतीला बटण नाही. आपल्याकडं प्लग असेल तिथं शेजारी बटण असतंय. टक् केलं की बंद, निवांत झोपा. इथं नुसती भोकं. दोन बारके डोळे आणि खाली आ वासलेलं तोंड, अशी भिंतीभर बघत बसलेली असतात. बंद करायचं तर उपटायचंच. लेकीकडं आल्यापासनं मी रोज उपटतेय. मिक्सर, टोस्टर, इस्त्री, जावयांचं दाढीचं यंत्र. मायक्रोवेव्हचं घड्याळ तर बिचारं कधी बरोबर नसतंयच.

रेणूची मीटिंग चालू होती. पलीकडची माणसं म्हणे अर्ध्या वाक्यात तोंडं उघडी टाकून थिजली. मला हसूच आलं. रेणू चिडली नाही हं. रेणू कशालाच चिडत नाही, पहिल्यापासनं तशीच. इचलकरंजीला आमच्या आठ मागांच्या खडखडाटात कोपऱ्यात बसून अभ्यास केला पोरीनं, कधी म्हणून काही मागितलं नाही. तिचं काही बघावं लागत नाही. चहा नेऊन दिला वर. दुपारी कप आणायला गेले तर तसाच, साय धरलेला.

३ सप्टेंबर

संध्याकाळी जावयांनी शिकवणी घेतली. परीक्षितराव स्वभावानं गार. मला टीव्हीसमोर उभं केलं. "अहो आई, हा चालू आहे का बंद?" म्हणलं बंद. "मग हा लाल दिवा कशाचा?" आता हा दिवा मी आल्या दिवसापासनं बघतेय आणि एकदा विचारलं नाही! तर म्हणे, तो झोपलाय, मेला नाही. रिमोटची वाट बघत पडलाय. एक कान उघडा. म्हणलं म्हणजे कुत्र्याची झोप. "एक्झॅक्टली!" म्हणाले.

मग घरभर फिरलो, अनिका माझ्या कडेवर. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो डुलकी काढतो, उघडलं की जिथं होता तिथनं पुढं. पण पार बंद केला तर उठताना सगळं पहिल्यापासनं, तोंड धुण्यापासनं म्हणा की. केर काढणारी ती चकती कोपऱ्यात जाऊन आपली आपण चार्जिंगला बसते, तीपण झोपलेलीच. दारावरच्या घंटेला तर डोळा आहे. पुढनं खार गेली तरी जागी होते. म्हणलं, परीक्षितराव, ह्या घरात खरं खरं बंद काय आहे हो? विचारात पडले. डोकं खाजवलं. "टोस्टर, मे बी."

लई हसलो. अनिकापण हसली, तिला काय कळलं देव जाणे. साडेपाच महिन्यांची माझी नात. हसायचं असलं की आधी जीभ बाहेर येते, मागनं हसू.

६ सप्टेंबर, शनिवार

माझं तिकीट सव्वीस तारखेचं. दसऱ्याला घरी.

रेणूच्या ह्या गावात, हर्नडनला, असंच असतंय. पोर झालं की पहिले सहा महिने मुलीची आई, पुढचे सहा महिने मुलाची आई. विमानतळावर शिक्काच तेवढा मारतात. बागेत बाबागाड्या ढकलणाऱ्या ज्या ज्या आज्या भेटतात त्या सगळ्या अशाच — कुणाची पाळी संपत आलेली, कुणाची आत्ता सुरू. आमच्याकडं मागावर असायच्या तशा, दिवसपाळी रातपाळी. एक पदराला हात पुसत निघाली की दुसरी पदर खोचून आत. माग थांबायचा नाही.

माझ्यानंतर आमच्या विहीणबाई. परीक्षितरावांच्या आई, मीनाक्षीताई. तेरा तारखेला पुण्याहून येतायत. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मी चौथीपर्यंत, तीपण दुसऱ्या खेपेला पास. लग्नात त्यांनी मला एकदा "तुमचं मत काय?" असं विचारलं होतं. मला घाम फुटला. कशाबद्दल विचारलं तेपण आता आठवत नाही. घाम आठवतोय.

जेवताना हेच बोलणं चाललेलं, तर परीक्षितरावांनी पोह्यांचा डबा आणि साखरेचा डबा शेजारी शेजारी ठेवला. ते डेटा सेंटरला आहेत. कंप्युटरचा कारखानाच, पण तिथं तयार काही होत नाही, नुसती यंत्रं चालतात. म्हणाले, "आमच्याकडे महत्त्वाच्या कामाला दोन मशिनं असतात. हा पोह्यांचा डबा काम करतो. हा साखरेचा नुसता जागा असतो."

"आणि काहीच करत नाही?"

"काहीच नाही. पण पहिल्याला जे जे कळतं ते सगळं त्याला लगेच कळवलेलं असतं. पहिलं पडलं की दुसरं उचलतं. लोकांना पत्ताही लागत नाही."

म्हणलं, पहिलं पडलंय हे दुसऱ्याला कळतं कसं? तर म्हणे पहिलं सारखं सांगत असतं — मी आहे, मी आहे, मी आहे. ते सांगणं थांबलं की समजायचं. त्याला त्यांच्यात काळजाचा ठोका म्हणतात! आता लोखंडाच्या पेटीला काळीज. पण मला आवडलं.

"म्हणजे आत्ता तुम्ही ॲक्टिव्ह, आणि माझी आई स्टँडबाय," म्हणाले. "तिला सगळं पाठवून ठेवा. म्हणजे तुम्ही गेलात तरी अनिकाला कळणार नाही."

असं म्हणाले. साखरेचा डबा मीच उचलून ठेवला. अनिकाला कळणारच नाही म्हणजे काय!

८ सप्टेंबर, सोमवार

पाठवायला सुरुवात केली. आपली संध्याकाळ म्हणजे पुण्याची सकाळ. मी फोनवर सांगते, त्या तिकडं लिहून घेतात. "हूं. पुढे." बाईंसमोर धडा म्हणून दाखवावा तसं वाटतं.

तेल कुठलं ते सांगितलं. दूध किती कोमट ते सांगितलं. शू करायच्या आधी डावा पाय झाडते ते सांगितलं. "हूं. पुढे." झोपेचं सांगितलं तेव्हा मात्र थांबल्या.

"ड्रायर? कपडे वाळवायचा?"

"हो. तो लावायचा आणि त्याला पाठ टेकून खाली बसायचं, बाळाला छातीशी घेऊन."

"ओले कपडे घालून?"

"कपडे नाही घालायचे. एक बूट घालायचा. परीक्षितरावांचा जुना."

मला वाटलं फोन कटला. मग म्हणाल्या, "एकच?"

"दोन टाकले की ताल चुकतो ताई."

आता ह्यात हसण्यासारखं काय आहे? आमच्या गल्लीत सगळी पोरं मागाच्या खडखडाटात झोपायची. लाईट गेली, माग थांबले, की घराघरातनं रडणं सुरू. रेणूपण तशीच होती. आवाज चालू तर पोर बंद, आवाज बंद तर पोर चालू! इथल्या घरात इतकी शांतता की अनिका दचकून उठायची. एक दिवस ड्रायरमध्ये चुकून बूट गेला आणि मला माहेरी आल्यासारखं झालं. मांडीवर बघते तर ही ढाराढूर.

१३ सप्टेंबर

आल्या. मोठ्या बॅगा दोन, छोटी एक, आणि छापील वेळापत्रक. बूट काढायच्या आधी फ्रिजवर लावलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज अनिकाची दोनदा अंघोळ झाली!

मी सकाळी तेल लावून, पायावर घेऊन, चांगल्या कढत पाण्यानं घातली. अंगाला धुरी नाही देता येत इथं, छतावरचं यंत्र बोंबलतं, पण बाकी सगळं केलं. मग खाली कपडे लावायला गेले. वर येते तर मीनाक्षीताई तिला प्लास्टिकच्या टबात बसवून परत घालतायत. "वेळापत्रकात साडेनऊ आहे." अनिका पाण्यावर थापा मारतेय, खूश. तिला काय, कुणी तिसरी आली असती तर तिसऱ्यांदा बसली असती.

दिवसभर असंच. मी भात लावला, त्यांनीपण लावला. परीक्षितरावांनी जिन्यातनं हाक मारली "आई, बाटली!" — दोघी धावलो, दोघींच्या हातात बाटल्या. एरवी ते मला 'अहो आई' म्हणतात आणि त्यांना 'ए आई'. रेणूचं बरोबर उलटं. पण घाईत 'अहो' आणि 'ए' जिन्यावरच गळून पडतात.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "कांचनताई, बाळाला कडेवर घेऊन गॅसजवळ उभं राहू नये असं लिहिलंय."

"कुठं लिहिलंय?"

"मी लिहिलंय."

फ्रिजवर होतंच. वाचलं. अक्षर मात्र मोत्यासारखं आहे बाईंचं.

१६ सप्टेंबर

रोज अनिकाला एक थेंब द्यायचा असतो, ड जीवनसत्त्वाचा. आज मी दिला. अर्ध्या तासानं मीनाक्षीताईंनी दिला. अनिकानं दोघींकडनं जीभ बाहेर काढून मुकाट घेतला. बाटली जागेवर ठेवताना दोघींचे हात एकदम तिथं आले तेव्हा कळलं.

मीनाक्षीताई पांढऱ्याफटक. रेणू कानाला मीटिंगचं लावलेलं तसंच घेऊन खाली पळत आली. डॉक्टरांच्या नर्सबाईला फोन केला. नर्सबाई म्हणे हसली — एका दिवसानं काही होत नाही, उद्याचा देऊ नका. देवा!

रेणू फोन ठेवून जिन्यात बसली जरा वेळ. मग वर गेली, मीटिंग राहिली होती.

१७ सप्टेंबर, बुधवार

जेवणं झाल्यावर परीक्षितरावांनी परत डबे काढले. माझ्या मनात आलं, आता बोलणार. पण ते आवाज चढवून बोलतच नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यात वाईट काय होतं माहितीय? दोघांच्या मधली वायर तुटते. पहिलं मशिन छान चाललेलं असतं. पण दुसऱ्याला ठोका ऐकू येत नाही. त्याला वाटतं पहिलं गेलं. ते उठतं आणि काम सुरू करतं. मग दोघंही बॉस."

"मग खरं कुणाचं धरायचं?" मीनाक्षीताईंनी विचारलं. मुख्याध्यापिकाच त्या, प्रश्न बरोबर विचारतात.

"कोणाचंच नाही. दोघं एकाच फळ्यावर लिहितात, एकमेकांचं पुसतात. एकदा आम्ही पूर्ण शनिवार-रविवार निस्तरत होतो."

"मग करता काय?" मी.

"एकाला गप्प करायचं. सरळ वीज तोडायची."

मी म्हणलं, "मग माझी तोडा की! मी जाणारीच आहे." हसतच म्हणलं. रेणूनं माझ्याकडं बघितलं. म्हणताना काही वाटलं नाही हं. भांडी लावताना वाटलं.

१८ सप्टेंबर

आज कमाल झाली.

सकाळी मी मुद्दाम काही केलं नाही. तेल काढून ठेवलं आणि खाली ड्रायरपाशी कपड्यांच्या घड्या घालत बसले. वीज तोडलेली ना माझी! तर मीनाक्षीताई आल्या. दार लोटलं. उभ्याच. मग एकदम म्हणाल्या, "कांचनताई, मी परीक्षितला कधी अंघोळ घातली नाही."

मी घडी घालायची थांबले.

"सासूबाई घालायच्या. मला सकाळची शाळा. तो रांगायला लागला तेव्हा मी दहावीचे पेपर तपासत होते. पहिलं पाऊल शेजारणीनं बघितलं. आता इथं सगळे धरून चाललेत की मला येतं. तुम्ही फोनवर सांगायचात, मी लिहून घ्यायचे, पण लिहून हात कुठं ठेवायचा ते थोडंच कळतं? तो फ्रिजवरचा कागद काढला ना, तर मी ह्या घरात कुठं उभं राहायचं तेसुद्धा मला कळत नाही."

आणि ह्या बाईला मी सहा वर्षं भीत होते!

म्हणलं, बसा खाली. पाय लांब करा. मोठा टॉवेल गुंडाळून दिला पायावर. हे बाळ. हे डोकं घोट्याकडं. डावा हात मानेखाली असा, सोडायचा नाही, आकाश कोसळलं तरी. त्यांनी टॉवेलला तेल लावलं. टॉवेलला पालथं केलं. पाणी घालायच्या वेळी मी म्हणलं, कान झाका, तर खरंच टॉवेलचे कान शोधायला लागल्या. हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. आवाज ऐकून रेणू वरनं डोकावली. "काय चाललंय तुमचं?" मीनाक्षीताई म्हणाल्या, "प्रॅक्टिकल!"

मग खरी अनिका घेतली. निम्मं पाणी बाहेर सांडलं, पण मान सोडली नाही.

फ्रिजवरचा कागद आहे अजून. असू दे की.

२० सप्टेंबर, शनिवार

आज माझी परीक्षा नव्हती, मीनाक्षीताईंची होती. पण मीच दमले.

परीक्षितराव म्हणाले, आमच्याकडे पहिलं मशिन मधून मधून मुद्दाम बंद करतात, दिवसाउजेडी, सगळे हजर असताना. दुसरं उचलतं की नाही हे खरं पडल्यावर कळून काय उपयोग? म्हणून आज मला बंद करायचं ठरलं. रेणूला शनिवार असून ऑफिसला जावं लागलं, कंपनीचं काहीतरी मोठं नवं आजच चालू करून द्यायचं होतं म्हणे. घरात फक्त मीनाक्षीताई आणि अनिका. मला घेऊन परीक्षितराव फिरायला. माझा फोन मागून घेतला आणि बटण दाबून धरलं. "हे स्लीप नाही, आई. ऑफ." काळा झाला. मी निघताना मागं बघितलं नाही. म्हणजे एकदाच बघितलं.

वाटेत त्यांची ती डेटा सेंटरं लागली. केवढाल्या इमारती, आणि एकीला खिडकी नाही! म्हणलं जरा थांबवा गाडी. काच खाली केली तर आतनं घरघर, एकसारखी. अगदी आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायची तशी. "आतमध्ये माणसं किती?" विचारलं. अगदी थोडी म्हणे. एवढा आवाज आणि झोपायला एक पोर नाही.

मग धबधबा बघायला नेलं. ग्रेट फॉल्स. खडकांतनं पाणी नुसतं उसळतंय, फेसाचे ढीग. म्हणलं, "ह्याला बटण कुठाय हो?" जावई खो खो हसले. बाकावर बसून पुरीभाजी खाल्ली. एका गोऱ्या बाईच्या कुत्र्याला पुरी पाहिजे होती, दिली नाही, मिरची होती भाजीत.

मजा आली का? आली. पण अंगात आपलं चालूच. आता दूध. आता पाय झाडला असेल. आता डोळे चोळत असेल. म्हणलं परीक्षितराव, तुमच्या फोनवर तो पाळण्यावरचा कॅमेरा दिसतो, त्यात एकदाच बघू का? "नाही. मग तुम्ही ऑफ नाही झालात." बरं. आणि थोड्या वेळानं बघते तर हे स्वतःच झाडामागं जाऊन खिशातनं फोन काढतायत! मी हातावर चापट मारली. जावयाला! "परीक्षितराव, टेस्ट आहे ना?" लहान पोरागत लाजले. म्हणाले, "आई एकटी आहे ना बाळाबरोबर. कधीच नव्हती."

परत आलो तर घर चिडीचूप. स्वयंपाकघरात बाटल्यांचा पसारा, जमिनीवर दुधाचं थारोळं, मीनाक्षीताईंचा चष्मा फळांच्या टोपलीत. मग खालनं आलं — खड, खड, खड. एका बुटाचा आवाज. जाऊन बघते तर ड्रायरला पाठ टेकून बसल्यात, केस सुटलेले, खांद्यावर ओकलेलं, आणि छातीवर अनिका तोंड उघडं टाकून झोपलेली. मला बघून बोट ओठावर ठेवलं. वर्गात ठेवत असतील तसंच!

मी गप्प दार लोटून घेतलं. झाली पास.

२१ सप्टेंबर, रविवार

पायांचे तुकडे पडलेत. धबधब्याचे दगड.

ह्यांचा फोन आला इचलकरंजीहून. आमचे हे फोनवर बोलत नाहीत, खाकरतात. आज बोलले. "ये आता. घरात आवाज नाही." दोन वर्षं झाली माग विकून, ह्यांना अजून झोप लागत नाही. म्हणलं येताना ड्रायर घेऊन येऊ का, बूट तुमचा आहेच. पहिल्यांदा खाकरले, मग हसले वाटतं. लांबनं नीट कळत नाही.

मला वाटायचं परत गेले की मी बंदच. दिवाबत्ती, भाकरी, झोप. पण ते मशिन म्हणे काहीच करत नाही तरी सगळं ऐकत असतं, तयार असतं. तसं बसायला काय हरकत आहे? पाय दुखले तर लांब करून बसेन.

२३ सप्टेंबर, मंगळवार

अनिका रडत होती. मी दोन्ही हात पुढं केले. तिनं माझ्याकडं बघितलं, तोंड फिरवलं, आणि मीनाक्षीताईंकडं झेप घेतली!

मीनाक्षीताई मलाच सॉरी म्हणाल्या. म्हणलं सॉरी कसलं, पेढे काढा! आणि खरंच काढले मी, डब्यात होते. सगळ्यांना वाटले. रेणूचा वर नेऊन ठेवला कीबोर्डशेजारी. ती कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती, मान हलवली नुसती.

एक पेढा जास्तीचा मी खाल्ला. आनंदानंच. जरा वेळ डोळे भरले, ते पेढ्यानं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

उद्या विमान. बॅगा भरून झाल्या. सकाळी स्वयंपाकघरात खाली बसून लोणच्याच्या बरणीला प्लास्टिक गुंडाळत होते. रेणू जिना उतरून आली. ऑफिसचा शर्ट वर, खाली झोपायची विजार. माझ्याजवळ फरशीवर बसली आणि मांडीवर डोकं ठेवलं. एवढी मोठी बाई. म्हणाली, "आई, अनिकाचं सगळं सगळं सांगितलंस. माझं कुणाला सांगितलंस?"

मीनाक्षीताई गरम पाणी घ्यायला आलेल्या दारात. मला वाटलं बघून परत फिरतील. फिरल्या नाहीत. आत आल्या, त्यापण फरशीवर बसल्या, गुडघा धरून, सावकाश. म्हणाल्या, "ते राहिलंच की. सांगा कांचनताई. हिला काय लागतं?"

मी तोंड उघडलं. अनिकाचा पाय, अनिकाचं दूध, अनिकाची झोप. रेणूचं काही येईना. सहा महिने एका घरात होतो.

रेणूनं मांडीवरनं डोकं न उचलता विचारलं, "मी सांगू?"

अनिका उठेपर्यंत ती बोलत होती. आम्ही दोघी ऐकत होतो.